दुसऱ्या नळीचा दट्ट्या

आल्मुट लायपोल्टच्या रागाच्या गोष्टी आल्टेनग्रुंडमध्ये पोरासोरांनाही पाठ होत्या. लग्नाआधी तिनं लाकडाच्या वखारीतल्या ट्रॅक्टरवाल्याला त्याच्याच सीटवरून खाली ओढून चिखलात लोळवलं होतं, कारण त्यानं तिच्या कुत्रीला मुद्दाम चाक घासलं होतं. पुढं एकदा मेळाव्याच्या तंबूत कुणीतरी तिच्या मेलेल्या बापाबद्दल घाणेरडं बोललं, तेव्हा तिनं बिअरचा मग त्याच्या दातांवर घातला. बापही असाच होता. लोक म्हणायचे, लायपोल्टांच्या घरात माणूस आधी मारतो, मग विचारतो.

आणि तरीही हेनलाइनच्या कारखान्यात सगळ्यात नाजूक काम तिच्याकडंच होतं.

तिथं प्रयोगशाळांसाठी सूक्ष्म सिरिंज बनत. दवाखान्यातली सिरिंज डोळ्यांपुढं आणू नका. ही जाड काचेची नळी, बोटाएवढी लांब, आत जेमतेम शिवणाची सुई जाईल एवढं भोक, आणि त्या भोकात तारेसारखा पोलादी दट्ट्या. पाण्याच्या एका थेंबाचा पाचवा भाग घ्यायचा म्हटलं तर तेवढाच यायला हवा, कमी नाही, जास्त नाही. त्यासाठी प्रत्येक दट्ट्या त्याच्या नळीपुरताच घासायचा. एका नळीचा दट्ट्या दुसरीत घातला तर जातो, पण गळतो. आल्मुट दट्टे घासायची, तिच्या शेजारच्या टेबलावर मार्लिस. दोघी शाळेपासून एका बाकावर. देश दुभागणारी भिंत पडली, सरकारी कारखाना बंद झाला, म्हाताऱ्या हेनलाइननं त्यातली चार यंत्रं घेऊन स्वतःचं दुकान मांडलं, तेव्हाही दोघी बरोबरच आत आल्या होत्या.

त्या शरदात बाझेलच्या एका प्रयोगशाळेनं माल परत पाठवला. मग म्युन्स्टरहून परत आला. हेनलाइननं आल्मुटला आपल्या खोलीत बोलावलं आणि उघडी पेटी तिच्याकडं सरकवली.

"गळतायत," तो म्हणाला. "सगळ्या तुझ्या आहेत."

"माझ्या गळत नाहीत, मालक."

"मग तूच बघ."

तिनं एक उचलली. टोकाशी बोट दाबून दट्ट्या मागं ओढला आणि सोडला. नीट बसलेला दट्ट्या अशा वेळी आतल्या ओढीनं झटकन परत जातो. हा जागच्या जागी लोंबकळत राहिला. दुसरी घेतली, तीच गत. तिसऱ्या सिरिंजचा दट्ट्या तिनं बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचे कान तापले. घासकाम तिचंच होतं, हाताची खूण ती ओळखत होती. पण तो या नळीचा नव्हता. कुणीतरी अदलाबदल केली होती.

"हे मुद्दाम केलंय," ती म्हणाली.

हेनलाइननं चष्मा काढून डोळे चोळले. "आल्मुट, ऑर्डरी कमी झाल्यात. नव्या वर्षात दट्ट्यांच्या टेबलावर मला एकच बाई ठेवता येईल. हे तुला आज सांगायचं नव्हतं. पण असा माल परत येत राहिला तर कुणाला ठेवायचं हे मला ठरवावं लागणारच नाही."

तिनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. योखेन आधी चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो बंद पडल्यावर बायकोच्या शब्दाखातर हेनलाइननं त्याला पॅकिंगला घेतलं होतं. गावात त्याला आता 'आल्मुटचा नवरा' म्हणत, त्याच्या तोंडावरही. तो बटाट्याच्या गोळ्यांवर रस्सा ओतत ऐकत होता.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण तुमची जेवणाची सुट्टी होती तेव्हा मार्लिस तुझ्या ट्रेवर वाकलेली मी बघितली. एकदा नाही."

"मार्लिस?"

"एकच बाई राहणार म्हणाला ना हेनलाइन? तिला कळलं नसेल होय?"

"मार्लिस असं करणार नाही."

"बरं, नसेल करत," योखेन म्हणाला आणि जेवायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "माझ्या मावसभावाचा पुन्हा फोन होता. न्यूर्नबर्गला गोदामात जागा आहे, घरही बघून देतो म्हणतोय."

"तुला जायचंय तर तू जा. मी माझं टेबल सोडून कुठंही जाणार नाही, हे किती वेळा सांगू?"

ते बोलणं त्यांच्यात दोन वर्षं असंच चालू होतं आणि असंच संपत होतं.

दोन दिवसांनी आल्मुट जेवणाच्या सुट्टीतून लवकर परत आली. दार ढकललं तर मार्लिस तिच्या टेबलाशी उभी. हातात आल्मुटच्या ट्रेमधली नळी, दुसऱ्या हातात दट्ट्या.

"अगं, बरं झालं आलीस," मार्लिस म्हणाली, "हे बघ ना..."

आल्मुटनं काही बघितलं नाही. भिंतीला लांब काचनळ्यांची जुडी उभी होती, कापायच्या आधीची. तिनं एक उचलली आणि आडवी फिरवली. नळी मार्लिसच्या गालावर फुटली. फुटक्या टोकानं कानापासून ओठापर्यंत कातडं उघडं केलं. मार्लिस टेबलावर आपटली, ट्रे उलटा झाला, दट्टे आणि नळ्या फरशीवर खळाखळा सांडल्या. आल्मुटनं तिला केसांना धरून वर ओढलं आणि पुन्हा मुठीनं हाणलं.

"तीस वर्षं!" ती ओरडत होती. "तीस वर्षं माझ्या शेजारी बसलीस, भवाने!"

मार्लिस किंचाळली नाही. दोन्ही हात चेहऱ्यावर धरून खाली बसली. बोटांमधून रक्त गळत होतं, पांढरा डगला गळ्यापासून लाल होत चालला होता.

"आल्मुट," ती म्हणाली, "माझा डोळा आहे का गं? बघ ना. मला दिसत नाहीय."

तेव्हा कुठं आल्मुटचा हात थांबला. काचेच्या भट्टीवरची माणसं धावत आली. त्यांनी दोघींना दूर केलं, मार्लिसच्या चेहऱ्याला टॉवेल दाबला. डोळा वाचला होता, आत नुसतं रक्त गेलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना मार्लिस मागं वळून म्हणाली, "मी तुझेच दट्टे जुळवून बघत होते. तुला सांगणारच होते." आल्मुटला ते ऐकू आलं. तिनं मान फिरवली. खोटारडी, असं ती मनात म्हणाली.

हेनलाइननं तिचा डगला काढून घेतला. पोलिसानं जबाब घेतला. घरी योखेन तिच्याशी कधी नव्हता इतका गोड वागत होता. सकाळी कॉफी करून द्यायचा, लोक काय बोलतात ते सांगायचा नाही.

"इथं आता आपलं काय उरलंय?" तो म्हणायचा. "खटला होईल तो होईल. तोवर न्यूर्नबर्गला जाऊ. तिथं तुला कुणी ओळखत नाही."

आल्मुट मान डोलवायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला कशावर वाद घालावासा वाटत नव्हता. रात्री डोळे मिटले की मार्लिसचं ते 'बघ ना' कानात यायचं.

पण डुक्कर कापायचा दिवस आधीच ठरलेला होता. खाटीक रुडीकाका दरवर्षी नोव्हेंबरात यायचे. जनावर पोसलेलं होतं, ते कुणाच्या भांडणासाठी थांबणार नव्हतं. सकाळी अंगणात धुकं होतं. मोठ्या कढईखाली लाकडं पेटलेली, सॉसेजचं पाणी खळखळत होतं, जिरं आणि मार्जोरमच्या पाल्याचा वास सुटला होता. अर्धं डुक्कर शिडीला उलटं टांगलेलं. रुडीकाका पाटावर मांस चिरत होते, योखेन कढई ढवळत होता, आल्मुट आतडी धूत होती. शेजारपाजारची माणसं एरवी या दिवशी थाळी घेऊन यायची. या वर्षी कुणी आलं नव्हतं.

फाटक लाथेनं उघडलं. फाल्को आत आला.

फाल्को मार्लिसचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मार्लिसनंच त्याला वाढवलेला. जंगलात झाडं तोडायचं काम, दाराच्या चौकटीएवढे खांदे. तो आल्मुटकडं न बघितल्यासारखं करून योखेनपाशी गेला.

"बाईवर मी हात टाकत नाही," तो म्हणाला. "पण तुला बायको आवरता आली नाही ना? मग तूच घे."

पहिल्याच ठोशात योखेनचं नाक मोडलं. काटकी मोडावी तसा आवाज आला. दुसरा पोटात बसला. योखेन वाकला तसा फाल्कोनं त्याला गुडघ्यानं वर उडवला.

"ए, सोड त्याला!" रुडीकाका ओरडले. त्यांनी हातातली सुरी आधी लांब फेकली, कुणाच्या हाती लागू नये म्हणून, आणि मग मधे पडायला गेले. फाल्कोनं त्यांना एका हातानं बाजूला सारलं. आल्मुटनं मागून फाल्कोच्या पाठीवर उडी घेतली, त्याचा कान दातात धरला. त्यानं अंग झटकलं तशी ती लाकडांच्या ढिगाऱ्यावर जाऊन पडली. तोंडात रक्ताची चव आली. ते तिचं होतं की त्याचं, हे तिला कळलं नाही.

फाल्कोनं योखेनची मानगूट धरून त्याला कढईवर वाकवलं. वाफेत त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

"माझ्या बहिणीनं काय केलं होतं, बोल! तिला आता आरशासमोरून जाताना तोंड झाकावं लागतं. बोल, काय केलं होतं तिनं?"

योखेन हंबरत होता. वाफेनं कातडं सोललं जात होतं, तो पाय झाडत होता. आल्मुट उठली. शेजारच्या छोट्या पातेल्यात कढईतलाच उकळता रस्सा काढून ठेवलेला होता. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि फाल्कोच्या मानेवर रिकामं केलं.

त्या माणसानं जी किंकाळी फोडली ती म्हणे खालच्या पुलापर्यंत ऐकू गेली. पण त्याची पकड सुटली नाही, वेदनेनं उलट आवळली. योखेनचं डोकं आणखी खाली गेलं, केसांची टोकं रश्श्यात बुडली.

"ती नव्हती!" योखेन ओरडला. "मार्लिस नव्हती! मी बदलले! दट्टे मीच बदलले, सोड, देवाशपथ सोड!"

फाल्कोचे हात सुटले. योखेन चिखलात बसला. फाल्को भिंतीला टेकून दातांवर दात दाबत उभा राहिला. शर्टातून वाफ निघत होती. रुडीकाका पंपाकडं धावले आणि बादलीभर गार पाणी त्याच्या पाठीवर ओतायला लागले.

आल्मुट नवऱ्याजवळ गेली.

"काय बदललंस?" तिनं हळूच विचारलं.

"तू येत नव्हतीस," योखेन म्हणाला. नाकातलं रक्त त्याच्या तोंडात जात होतं. "मी किती सांगितलं. तू म्हणालीस, तू जा. मी एकटा जाऊ? गावात कुत्रंसुद्धा मला तुझ्या नावानं ओळखतं. म्हटलं, तुला काढलं की येशील. तुला फक्त काढायचं होतं, आल्मुट. बाकी काही नाही."

"आणि मार्लिसचं नाव?"

त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"मार्लिसचं नाव का घेतलंस?"

"तू विचारत होतीस, कुणी केलं. काहीतरी सांगायला हवं होतं."

कढई ढवळायचा लाकडी दांडा जमिनीवर पडला होता, वल्ह्यासारखा जड. आल्मुटनं तो उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. योखेननं हात वर केला, दुसऱ्या फटक्यानं तो हात कोपरापुढं वाकडा झाला. मग ती मोजेनाशी झाली. ती पाठीवर मारत होती, मांड्यांवर मारत होती. तोंडातून शब्द येत नव्हता, नुसता श्वास. आजवर ती रागावली की ओरडायची. आज तिला ओरडायला काही सापडत नव्हतं. प्रत्येक फटक्याबरोबर तिला काचनळी फुटताना दिसत होती, आणि ते दिसायचं थांबावं म्हणून ती पुढचा फटका मारत होती.

रुडीकाकांनी तिच्या कमरेला मिठी घातली, पण म्हाताऱ्याला ती आवरेना. शेवटी एक ओला, जड हात दांड्यावर पडला.

"पुरे, आल्मुट," फाल्को म्हणाला. मानेवरची कातडी पांढरी पडून फुगली होती, दात थडथडत होते. "मरेल तो. सोड."

तिनं सोडला. ज्या माणसाला तिनं भाजलं होतं, तोच तिला धरून उभा होता.

त्याच दिवशी दुपारी झूल शहराच्या इस्पितळात आल्मुट भाजलेल्यांच्या वॉर्डबाहेर आली. पोलीस तिला नेणारच होते, तिनं त्यांच्याकडं एवढंच मागितलं होतं. बरोबर आलेला शिपाई तिच्या वर्गातला होता, तो दाराशी थांबला. बाकावर मार्लिस बसली होती. चेहऱ्याच्या एका बाजूला टाके, काळे आणि सुजलेले, ओठाचा कोपरा वर ओढला गेलेला.

"फाल्को कसा आहे?" आल्मुटनं विचारलं.

"जगेल. मांडीवरचं कातडं काढून मानेला लावणार म्हणाले." मार्लिसला ओठ नीट हलवता येत नव्हते. "रुडीकाकांनी फोनवर सगळं सांगितलं."

"मार्लिस, मी..."

मार्लिस उठली आणि तिनं आल्मुटच्या कानफटात ठेवून दिली. उघड्या हातानं, पण सगळं अंग घालून. आल्मुटचं डोकं भिंतीवर आपटलं. मार्लिसनं पुन्हा मारली, मग मुठीनं, छातीवर, खांद्यावर, जिथं बसेल तिथं. आल्मुटनं हात वर केले नाहीत. नर्स धावत आली, शिपाई पुढं झाला. आल्मुट त्याला म्हणाली, "राहू दे रे. मारू दे तिला."

मारता मारता मार्लिसचा एक टाका उसवला आणि गालावरून रक्ताचा ओघळ आला. तेव्हा ती थांबली. दम लागला होता.

"तू मला विचारलं का नाहीस?" ती म्हणाली. "नुसतं विचारायचं होतंस. मी तुला कधी खोटं सांगितलंय? चौथीत तुझी दौत माझ्या हातून सांडली, ते मी स्वतःहून सांगितलं होतं की नाही? एवढं विचारायला काय झालं होतं तुला?"

मी केलं, एवढंच आल्मुट म्हणाली. न्यायाधीशानंही पुढं मायनिंगनच्या कोर्टात जवळजवळ हेच विचारलं, आणि तिथंही तिनं एवढंच म्हटलं की मी केलं, सगळं मीच केलं. तिघांना जखमी केल्याची शिक्षा झाली, पण ती प्रत्यक्ष भोगायची नव्हती, पुन्हा हात उचलला तरच. फाल्कोलाही शिक्षा झाली. दट्टे बदलल्याबद्दल योखेनवर हेनलाइननं वेगळा दावा लावला. योखेन वाकडा हात घेऊन न्यूर्नबर्गला गेला. आल्मुटनं त्याचे कपडे बसस्टँडवर नेऊन ठेवले. बस सुटताना तो खिडकीतून काहीतरी सांगत होता. तिनं ते ऐकायला मान वर केली नाही.

हिवाळाभर ती वखारीत साली गोळा करायचं काम करत होती. लोक तिच्यापासून हातभर लांबून चालायचे. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटायचं, की आता कुणी काही उलटं बोललं तरी रागच येत नव्हता. एका पोरानं तिला 'खाटकीण' म्हटलं, तर ती त्याच्याकडं बघत नुसती उभी राहिली, आणि घाबरून तो पोरगाच पळाला.

वसंतात हेनलाइन स्वतः वखारीत आला. लाकडाच्या भुश्शातून बूट जपत चालत आला, आणि इकडंतिकडचं न बोलता म्हणाला, "ऑर्डरी पुन्हा वाढल्यात, दोघींपुरतं काम आहे. मार्लिसची अट आहे. तुला परत घ्यायचं, पण तिच्या शेजारी नाही. मधे भिंत घालायची. दार तिच्या बाजूनं बंद होणारं."

"तिनं सांगितलं घ्यायला?"

"मी विचारलं नव्हतं. तिनंच काढलं. का ते मला विचारू नकोस, मलाही सांगितलं नाही."

प्लायवूडची भिंत घातली गेली. आल्मुट मागच्या खोलीत बसू लागली. पलीकडं मार्लिसच्या घासायच्या यंत्राची घरघर ऐकू यायची, तिचा खोकला ऐकू यायचा, कधी ती कुणाशी हसली तर तेही. ओठ वाकडा झाल्यामुळं तिचं हसणं आता थोडं शिटीसारखं वाजायचं. पहिल्यांदा ते ऐकलं त्या दिवशी आल्मुटनं हातातलं काम खाली ठेवलं आणि बराच वेळ टेबलाची कड धरून बसली.

मैत्री परत आली नाही. फाल्को तिला रस्त्यात दिसला की मान हलवायचा, त्याच्या मानेवरची कातडी कॉलरच्या वर चकाकायची. मार्लिस किराणा दुकानात समोर आली तर बाजूनं निघून जायची.

एका सकाळी भिंतीतलं दार उघडलं. मार्लिस उंबऱ्यात उभी होती, चिरलेला गाल आल्मुटकडं करून. तिनं तो वळवला नाही. हातात एक नळी आणि एक दट्ट्या होता.

"हा घट्ट जातोय," ती म्हणाली. "तुझ्याकडची घासायची बारीक पेस्ट दे."

आल्मुटनं डबी दिली. मार्लिसनं ती घेतली.

"खिडकी उघड जरा," ती म्हणाली. "कोंदट झालंय तुझ्याकडं."

मग तिनं आपल्या बाजूनं दार ओढून घेतलं. कडी मात्र लावली नाही. आल्मुटनं उठून खिडकी उघडली.